काड्यापेटीतली घरं आणि पोटापाण्याचा प्रश्न

नमस्कार दादा,

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल सॉरी, सध्या ऍडमिशनचा सीझन आहे आणि सकाळी दहापासून माझ्या ऑफिसच्या दाराबाहेर सल्ला विचारायला आलेल्या पालकांच्या, मुलांच्या चपलांचा ढीग पडलेला असतो. पण पत्र मी दोनदा वाचलं. नाशिकला सिडकोत घर, तुम्ही अंबडला कंपनीत, लेक अकरावी सायन्सला, दहावीला ८८ टक्के, आणि मागच्या महिन्यात जेवता जेवता तिनं जाहीर केलं की मला लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचीयेत, तेच काम म्हणून करायचंय. तुम्ही विचारलंय की हे असं काम खरंच असतं का आणि त्यात घर चालतं का. आणि मग शेवटी घाईघाईत दोन ओळी, पण खरा राग मला तिथंच दिसला, की ती पुस्तक सोडून काड्यापेट्यांमधे घरं बनवत बसते, भेंडीचे ठसे मारून बेडूक करते, फिजिक्सच्या जर्नलच्या कोपऱ्यात उडणारा माणूस काढते आणि पानं फरफर उलटून धाकट्याला दाखवते, "ह्या टिवल्याबावल्या बंद करू का ताई?"

याचंच उत्तर आधी देते. बंद करू नका. जर्नल सबमिट करायचं असतं तेवढं तिला समजावा, उडणाऱ्या माणसाला वेगळी शंभर पानी वही आणून द्या, विषय संपला.

आता काम असतं का. असतं, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा ते बरंच जास्त कारखान्यातल्या कामासारखं असतं, तुम्हाला तर पटकन कळेल. माझ्याकडं काही वर्षांपूर्वी आलेली एक मुलगी आता हेच करते, नाशिकरोडला राहते, नाव लिहीत नाही कारण तिला आवडणार नाही. तिच्याकडं गोष्ट येते ती वर्डच्या फाइलमधे, पाचसहाशे शब्द फार तर. पुस्तक बहुतेक वेळा २४ नाहीतर ३२ पानांचं, कारण मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालून फॉर्म बनतात म्हणून पानं आठाच्या पटीत बसवावी लागतात, बत्तिसावं पान संपलं आणि गोष्ट उरली असं चालत नाही. त्यातून नावाचं पान, श्रेयाचं पान गेलं की ३२ पानांत तिच्या हातात चौदा-पंधरा स्प्रेड राहतात, स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पानं. मग ती सगळंच्या सगळं पुस्तक आधी एका कागदावर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनांत काढते. (आपल्याकडं नाशिकरोडच्या प्रेसमधे तिकिटं छापतात, दर दुसऱ्या घरात प्रेसमधला कोणीतरी काका असतो, तर हे उदाहरण तुमच्या लेकीला लगेच कळेल.) तिकिटाएवढ्या चौकोनात जर कळलं की कोण रागावलंय आणि कोण पळतंय तर ते चित्र मोठं करण्यात अर्थ, नाही कळलं तर कितीही रंग फासा. नंतर पेन्सिलीचे रफ, मग पानं दुमडून खरी वाटावी अशी डमी, ती संपादकाकडं, तिथून दुरुस्त्या, परत रफ, आणि मग कुठं रंग. एका पुस्तकाला तिला चार-पाच महिने लागतात, मधे दुसरी बारीकसारीक कामं चालू असतात.

दुरुस्त्या म्हणजे काय ते सांगते. तिच्या एका पुस्तकात सातव्या पानावर मुलीला दोन वेण्या होत्या आणि आठव्यावर एकच, कोणाच्याच लक्षात आलं नाही, तिच्याही नाही संपादकाच्याही नाही, पुस्तक छापून आलं आणि एका शाळेत वाचून दाखवायला गेली तर पहिलीतलं पोरगं उठून म्हणे, हिची दुसरी वेणी कुठंय? तेव्हापासून ती प्रत्येक पात्राचा आधी एक तक्ता बनवते, समोरून, बाजूनं, पाठीमागून, रडताना, चप्पल कुठली, बटणं किती. दुसरी एक चूक तर सगळ्यांची एकदा होतेच, सगळ्यात सुंदर चेहरा दोन पानांच्या बरोबर मधे काढायचा आणि तो बांधणीत गिळला जायचा, उरतो एक कान इकडं एक कान तिकडं. स्क्रीनवर झगझगीत दिसणारा पोपटी छापल्यावर शेवाळासारखा येतो कारण स्क्रीनचे रंग वेगळे आणि छपाईची चार शाईंची भाषा वेगळी. कडेला कटिंगसाठी तीन मिलिमीटर चित्र जास्तीचं ठेवायचं. मजकुराला जागा सोडायची आणि थोडी जास्तच सोडायची, कारण तेच पुस्तक उद्या दुसऱ्या भाषांत निघणार आणि दुसऱ्या भाषेत तेच वाक्य अडीच ओळींचं होतं. म्हणजे बघा, हे सगळं टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालतो ते, सांभाळण्याचंच काम आहे, तुमच्या शॉप फ्लोअरवर मायक्रॉन आणि इथं मिलिमीटर एवढाच काय तो फरक.

पैशाचं आता. मी गोड बोलणार नाही. नुसत्या चित्रपुस्तकांवर पहिली काही वर्षं घर चालत नाही, माझ्या ओळखीत तरी कोणाचं चाललेलं नाही. बहुतेक ठिकाणी एकदाच ठरलेली रक्कम मिळते, काही ठिकाणी रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, आणि ती लेखक आणि चित्रकारात वाटली जाते. घर चालतं ते शाळांच्या वर्कबुकातल्या चित्रांवर, मासिकांवर, संस्थांच्या तक्त्यांवर, ऍनिमेशनवाल्यांच्या स्टोरीबोर्डवर, मे महिन्यातल्या वर्कशॉपवर. आमची नाशिकरोडवाली अजूनही वर्षातले तीन-चार महिने "फरक ओळखा" आणि "जोड्या लावा" काढते आणि त्याची तिला लाज नाही, मलाही वाटत नाही. आणि उशिरा पैसे! एका प्रकाशकानं (नाव नको) पुस्तक छापून विकून संपत आल्यावर, म्हणजे अकरा महिन्यांनी पैसे दिले, तेही रोज फोन केल्यावर. म्हणून आता ती तीन हप्ते लिहून घेते, कामाला हात लावायच्या आधी, रफ पास झाल्यावर, आणि फायनल फाइल देताना. टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापला जातो, प्रोफेशनल फीवर दहा टक्के, तो जास्त कापला गेला असेल तर रिटर्न भरून परत मागता येतो पण पोरांना ते माहीतच नसतं, तुम्ही नोकरीवाले आहात, हे तुम्ही तिला शिकवू शकता.

आणि करार वाचायला शिकवा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यातल्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेलं लागतं, किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलेलं नसेल तर भारतापुरतं. पण कागदावर "सर्व हक्क कायमचे" असं असलं आणि पोरीनं हरखून सही केली तर मग तिचा बेडूक उद्या कंपासपेटीवर, दप्तरावर, टीशर्टवर दिसेल आणि तिला चहासुद्धा मिळणार नाही.

आता परत टिवल्याबावल्यांकडं, कारण मला मुख्य सांगायचंय ते हेच. आमच्या नाशिकरोडवालीला पहिलं पुस्तक कसं मिळालं माहितीये? फाइल घेऊन दारोदार फिरून नाही. ती कॉलेजला सिटीबसनं जायची आणि कंटाळा येतो म्हणून रोज त्या तिकिटाच्या मागं बसमधला एक माणूस काढायची, एकच, उतरायच्या आत पूर्ण झाला पाहिजे ही अट तिची तिनंच घातलेली. कोथिंबिरीच्या जुड्या मांडीवर घेऊन झोपलेली आजी, हेल्मेट घालूनच बसमधे बसलेला माणूस, बुधवारच्या बाजारातून कोंबडी पिशवीत घेऊन निघालेले एक काका आणि पिशवीतून बाहेर बघणारी ती कोंबडी. दीडदोनशे तिकिटं झाली तेव्हा मैत्रिणीनं त्यांचे फोटो काढून ऑनलाइन टाकले आणि एका संपादक बाईंचा मेसेज आला की ती कोथिंबिरीवाली आजी आम्हाला हवीये, आमच्याकडं एक गोष्ट पडून आहे. म्हणजे क्लासमधे काढलेली स्टिल लाइफ, मांडलेली सफरचंदं, ती कोणी विचारलीच नाहीत. ती चित्रं हात तयार करायला लागतात, नाही असं नाही, पण संपादकाला हात नको असतो, तो भरपूर मिळतो, त्याला ही मुलगी जगाकडं बघते कशी ते बघायचं असतं आणि ते फक्त कोणी सांगितलेलं नसताना केलेल्या कामात दिसतं.

तुम्ही अंबडला जाता येता पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक बघत असालच. दादासाहेब आपल्याच त्र्यंबकचे, १८७० चा जन्म. सिनेमा काढतो म्हणाले तेव्हा पैसे कोण देणार, तर त्यांनी १९१२ मधे कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून चित्रित केलं, पडद्यावर मिनिटभरात वेल वर चढलेला दिसला, आणि ते दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. पुढं त्यांनी आगकाड्या एकेक सरकवून त्यांचीही फिल्म केली. त्या काळात शेजारपाजारचे काय म्हणत असतील विचार करा, चांगला शिकलेला माणूस कुंडीसमोर कॅमेरा लावून बसलाय. तुमच्या घरात काड्यापेट्या आहेत, आगकाड्या त्यांच्याकडं होत्या, एवढंच म्हणते, तुलना करत नाही.

फक्त एक करा, तिच्या या उद्योगांना लगेच कामाला जुंपू नका. आई-बाबांना एकदा पटलं की पुढची पायरी मी नेहमी बघते, चॅनल काढ, रील टाक, राखीला ऑर्डर घे. दोन महिन्यांत पोरगी लाइक मोजायला लागते आणि सगळे बेडूक सारखेच दिसायला लागतात. काड्यापेटीतलं घर काड्यापेटीत राहू द्या.

शिक्षणाचं थोडक्यात, कारण इथं गोंधळ कमी आहे. सायन्स सोडायची गरज नाही, बारावी नीट करू द्या, पुढच्या सगळ्या परीक्षांना कुठलीही शाखा चालते. राज्यातल्या बीएफए, म्हणजे कलेच्या पदवीच्या, कॉलेजांसाठी सीईटी सेलची कलेची वेगळी प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, असते. मुंबईचं जेजे, ते कलेचं जुनं कॉलेज, १८५७ चं, ते २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय त्यामुळं त्याची ऍडमिशनची नोटीस वेगळी बघत जा. डिझाइनकडं जायचं असेल तर आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट, या दोन प्रवेश परीक्षा, दोन्हींत नुसतं चित्र नाही, डोकं कसं चालतं ते बघतात, म्हणजे परत काड्यापेटीच. एनआयडीची फी मोठी आहे, आधी घरात बसून हिशोब करा. आणि डिग्रीशिवायही चांगले चित्रकार आहेत, पण सतरा वर्षांच्या मुलीला मी ते आधार म्हणून सांगत नाही.

तोपर्यंत फुकटात करण्यासारखं भरपूर आहे. बालभारतीचा किशोर १९७१ पासूनचा, जुने अंक ऑनलाइन बघता येतात, एकेका वर्षाचे चित्रकार लावून बघू दे तिला. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे २०१५ पासूनचं, हजारो चित्रपुस्तकं ऑनलाइन मोफत, त्यातलं एकच पुस्तक घेऊन चित्रं झाकून आधी नुसता मजकूर वाचायचा, स्वतःचे तिकिटाएवढे चौकोन काढायचे आणि मग त्या चित्रकारानं काय केलंय ते उघडून बघायचं, यासारखा क्लास नाही. सावानाची, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयाची, मेंबरशिप काढा. आणि सुट्टीत गोदाघाटावर पाठवा, पुराचं पाणी कुठवर आलं ते ज्याच्यावरून सांगतात त्या दुतोंड्या मारुतीच्या आसपास बसून पूर नसताना पाण्याची पातळी सांगणारी माणसं ऐकायला आणि काढायला.

एआयचं तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या शेजारच्यांनी नक्की विचारलं असेल. स्वस्तातल्या, एकसारख्या चित्रांचं काम त्यामुळं कमी होतंय, हे मी लपवत नाही, आणि तेच काम नवीन मुलांचं पहिल्या वर्षांचं पोट होतं म्हणून मला त्याची काळजी वाटते. पिशवीतली कोंबडी मात्र ज्या बसमधे होती त्या बसमधे बसावं लागतं.

तर दादा, बुधवारी दुपारी चारनंतर मी मोकळी असते, तिला घेऊन या. मार्कशीट नाही आणली तरी चालेल. काड्यापेट्यांचं खोकं आणा, वरून जड काही ठेवू नका. आणि ते फिजिक्सचं जर्नल सबमिट झालं नसेल तर तेही, तो माणूस उडून शेवटी उतरतो कुठं ते मला बघायचंय.