कॅल्कची फाईल उघडली की पंखा घोंगावतोय, विंडोजवर परत जाऊ का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्यात लहानसं ऑफिस, जुना आय३ डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून लिनक्स मिंट टाकलं. आता लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये, हिशोबाची फाईल उघडली की प्रोसेसर १००%, एक आकडा टाकून एंटर मारला की चार-पाच सेकंद सगळं गप. तीन वेळा लिब्रेऑफिस काढून परत टाकलं, फरक शून्य. आणि आता विचारताय की विंडोजवर परत जाऊ का.

एवढ्यात जाऊ नका. मी सांगलीत मार्केट यार्डातल्या दोन-तीन अडत दुकानांचे कॉम्प्युटर बघतो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा त्यातल्या निम्म्या मशीनवर ११ चढतच नव्हतं, म्हणून मीच मिंट टाकून दिलं आणि पुढच्या आठवड्यात अगदी तुमचीच तक्रार माझ्याकडं आली. त्यामुळं जे सांगतोय ते स्वतः शिव्या खाऊन शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, काढून परत टाकण्याचा उपयोग का झाला नाही ते सांगतो कारण निम्मे लोक इथंच अडकतात. प्रोग्रॅम काढला तरी तुमच्या सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, सगळं प्रोफाईल होम फोल्डरमध्ये तसंच राहतं, नवीन टाकलं की ते गपगुमान जुनं प्रोफाईल उचलतं. आणि फाईल तर तीच आहे ना. म्हणजे घराला रंग दिला पण गळका नळ तसाच.

आता आधी खातोय कोण ते बघा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाईप करायची खिडकी, उघडून टॉप असं इंग्रजीत टाईप करा आणि एंटर मारा. यादीत वर सॉफिस डॉट बिन दिसलं तर तो लिब्रेऑफिस. पण वर केस्वॅपडी० नावाचं काही दिसत असेल तर तो रॅमचा प्रश्न आहे, ४ जीबीत ब्राऊझरच्या वीस टॅब आणि ऑफिस दोन्ही चालवताय, तिथं ऑफिसला दोष देण्यात अर्थ नाही, टॅब बंद करा नाहीतर अजून ४ जीबीची पट्टी टाका. अजून एक, टॉपमधला १००% म्हणजे अख्खा प्रोसेसर नसतो, एक कोर असतो. तुमच्या आय३ वर चार थ्रेड असतील तर सगळा जोर लागला की तिथं ४०० दिसेल. आकडा बघून घाबरू नका. मोठी फाईल उघडताना अर्धा मिनिट १०० गेला तर ते काम आहे, पण फाईल उघडून तुम्ही चहाला गेलात आणि परत आल्यावरही १०० च असेल तर तो आजार.

मग कोरी शीट उघडा, जुनी फाईल बंद करून. कोरी शीट शांत चालली तर दोष फाईलमध्ये, आणि कोऱ्या शीटलाही पंखा घोंगावला तर दोष प्रोफाईल, एक्स्टेन्शन किंवा डिस्प्लेमध्ये. दोन मिनिटांची परीक्षा आहे पण कुणी करत नाही, थेट फॉरमॅट मारायला निघतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे एंटर मारल्यावर थांबतंय यावरून, मला तुमची फाईलच वाटतीय.

आमच्या इथं काय झालेलं ते सांगतो. हळदीचं अडत दुकान, दिवाणजी वयानं साठीच्या पुढं, पण कॅल्क शिकून घेतलेलं आणि लय व्यवस्थित माणूस. त्यांच्या फाईलमध्ये शेतकऱ्याचा खाते नंबर टाकला की नाव येतं, पोती आणि वजन टाकलं की रक्कम, त्यातून हमाली तोलाई वजा होऊन पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याच्या बिलाची रक्कम, आणि शेवटच्या कॉलममध्ये खरेदीदाराकडून पैसे यायला किती दिवस झाले ते. सुरेख फाईल. पण एक नोंद टाकली की मशीन सहा सेकंद बंद, आणि सौद्याच्या दिवशी दारात ट्रॅक्टर उभा असताना सहा सेकंद म्हणजे काय ते तिथं बसलेल्यालाच कळतं. शेठ मला म्हणाले तुमचं फुकटचं लिनक्स घेऊन जावा.

मी जाऊन नुसतं कंट्रोल आणि एंड दाबलं. नोंदी होत्या चार हजार दोनशेच्या आसपास आणि कर्सर जाऊन बसला साठ हजाराव्या ओळीवर. मी विचारलं दिवाणजी हे काय, तर म्हणाले पुढं लागतील म्हणून सूत्रं आधीच खाली ओढून ठेवलीत, पाडव्याला नवी वही आखून ठेवत नाही का आपण. बरोबरच आहे हो त्यांचं, कागदावर रिकामी आखलेली ओळ काही खात नाही. पण इथं प्रत्येक रिकाम्या ओळीत पाच सूत्रं बसलेली, म्हणजे सगळी मिळून तीन लाख सूत्रं, आणि बरीचशी नुसती "खाते नंबर रिकामा आहे का, असेल तर काही दाखवू नको" एवढंच करत बसलेली.

आणि खरा घोटाळा शेवटच्या कॉलममध्ये होता. दिवस मोजायला त्यांनी प्रत्येक ओळीत टुडे हे आजची तारीख देणारं फंक्शन घातलेलं. टुडे, नाऊ, रँड, ऑफसेट, इनडायरेक्ट ही जी मंडळी आहेत ना ती शीटमध्ये कुठंही काहीही बदललं की परत हिशोब करतात, त्यांचा त्या बदलाशी संबंध असो नसो. म्हणजे वर एका शेतकऱ्याचं वजन टाकलं की खाली साठ हजार ओळी "आज तारीख काय" असं विचारायला लागतात, दर एंटरला.

उपाय अर्ध्या तासाचा होता. रिकाम्या ओळी निवडून डिलीट केल्या, नुसत्या पुसल्या नाहीत तर ओळीच काढल्या, पुढची दोनशे ठेवली. टुडे सगळीकडून काढून वर एका सेलमध्ये रोज सकाळी कंट्रोल आणि अर्धविराम दाबून तारीख टाकायची, त्यानं आजची तारीख साधा आकडा म्हणून बसते, आणि बाकीची सूत्रं त्या सेलकडं बघतात. दिवाणजींना हे फार आवडलं, म्हणाले हे बरंय, दुकान उघडल्यावर आधी तारीख घालायची, आम्ही वहीत तेच करायचो. सहा सेकंदांचं झालं अर्धा सेकंद.

तरी थोडं अडखळत होतं म्हणून मग फॉरमॅट मेनूत कंडिशनलमध्ये मॅनेज उघडलं. तिथं शेकड्यानं नोंदी! उधारी तीस दिवसांच्या वर गेली की सेल लाल करायचा एकच नियम होता, पण दिवाणजी रोज कालची ओळ कॉपी करून खाली पेस्ट करायचे आणि दर पेस्टला त्या नियमाचा एक तुकडा नवीन तयार व्हायचा. हे बाहेरून दिसत नाही. बघायचं असेल तर ओडीएस, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारच्या फाईलची कॉपी करून आर्काईव्ह मॅनेजरमध्ये उघडा, ती झिपच असते, आत कंटेंट डॉट एक्सएमएल नावाची फाईल दिसेल तिचा साईज बघा. आमची बाहेरून २ एमबी होती आणि आतली ६० च्या वर. सगळे नियम उडवून पूर्ण कॉलमला एकच नियम परत लावला आणि दिवाणजींना सांगितलं की पेस्ट करताना कंट्रोल शिफ्ट व्ही वापरा आणि जी खिडकी उघडते तिथं फॉरमॅट्सची टिक नसू दे, म्हणजे रंगरंगोटी सोबत येत नाही. ऐकतात कधी कधी.

तुम्हाला सूत्रांचाच दोष आहे का ते पटकन बघायचं असेल तर डेटा मेनूत कॅल्क्युलेटमध्ये ऑटोकॅल्क्युलेट आहे, त्याची टिक काढा आणि दोन-चार नोंदी टाकून बघा. झटपट झालं तर चोर सापडला. मग फाईल दुरुस्त होईपर्यंत तसंच काम करा आणि हिशोब हवा तेव्हा एफ ९ दाबा. पण पट्टी प्रिंट करायच्या आधी एफ ९ विसरलात तर जुनी रक्कम छापून जाईल, हे माझ्यासमोर झालंय, म्हणून ही कायमची सवय करू नका.

तुमची फाईल एक्सएलएसएक्स असेल, म्हणजे विंडोजवरच्या एक्सेलमधून आलेली, तर रोजचं काम ओडीएसमध्ये सेव्ह करून करा आणि सीएला पाठवायची असेल तेव्हाच एक्सएलएसएक्स काढा. मोठ्या फाईलला दर सेव्हला ते रूपांतर करत बसायला लागतं. बरोबर दर दहा मिनिटांनी अडकत असेल तर ते ऑटोरिकव्हरीचं सेव्हिंग असतंय, टूल्स, ऑप्शन्स, लोड सेव्ह, जनरल इथं मिनिटं वाढवा पण बंद करू नका, आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

एक लय चकवणारा प्रकार सांगतो. टाईप करताना सगळं ठीक पण कंट्रोल सी मारलं की पंखा सुरू, असं होत असेल तर क्लिपबोर्ड मॅनेजर बघा, तो जुन्या कॉपी लक्षात ठेवणारा छोटा प्रोग्रॅम. तुम्ही अख्खा कॉलम कॉपी केला की तो लगेच लिब्रेऑफिसकडं मागतो, साधा मजकूर दे, एचटीएमएल दे, चित्र दे, आणि बिचारं लिब्रेऑफिस लाखो सेलचं ते सगळं तयार करत बसतं. पॅनलवरून तो बंद करून परत कॉपी करून बघा. माझे यात दोन दिवस गेलेत.

कोऱ्या शीटलाही त्रास होत असेल तर मग हेल्प मेनूतून रीस्टार्ट इन सेफ मोड करा. सेफ मोडमध्ये शांत झालं तर प्रोफाईल बिघडलंय. लिब्रेऑफिस बंद करा, होम फोल्डरमध्ये कंट्रोल एच दाबा म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील, डॉट कॉन्फिग, त्यात लिब्रेऑफिस, त्यात ४, त्यात यूझर, या यूझरचं नाव बदलून यूझर जुना करा. डिलीट नाही हं, नाव बदला. तुमचे टेम्प्लेट, ऑटोकरेक्टमध्ये भरलेले शब्द, सगळं त्याच्यात असतंय. पुढच्या वेळी उघडलं की नवीन यूझर फोल्डर आपोआप बनतं.

त्यानंही नाही झालं तर टर्मिनलमधून लिब्रेऑफिस सुरू करताना आधी "नो एटी ब्रिज" हे इंग्रजी कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये स्पेसऐवजी अंडरस्कोअर घालून, पुढं बरोबरचं चिन्ह आणि १ लिहून, मग एक स्पेस सोडून लिब्रेऑफिस असं टाकून बघा. यानं स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीशी असलेला संपर्क तुटतो. ती सोय चालू असली की कॅल्क मोठ्या शीटची माहिती तिकडं पाठवत राहतं. पण ऑफिसात कुणी दृष्टिहीन सहकारी स्क्रीन रीडर वापरत असेल तर हे करू नका, त्यांचं काम बंद पडेल.

रायटरचं, म्हणजे पत्रं लिहायच्या प्रोग्रॅमचं, तुम्ही विचारलेलं नाही पण पुढं मागं विचारालच. मराठी पत्र उघडलं की सगळ्या शब्दांखाली लाल रेघा आणि मशीन जड, असं असेल तर शिफ्ट एफ ७ दाबून आपोआप होणारी स्पेलिंग तपासणी बंद करा, नाहीतर भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टच्या खाली मराठी निवडा, देवनागरीची भाषा तिथं ठरते, वरच्या वेस्टर्नमध्ये नाही. आणि काहीही न करता खाली पानांचा आकडा ११, १२, परत ११ असा नाचत असेल तर त्या पानावर कुठलं तरी चित्र किंवा टेबल नीट बसत नाहीये आणि रायटर त्याला इकडून तिकडं ढकलत बसलंय, चित्राचा अँकर, म्हणजे ते कशाला बांधलंय ते, ॲज कॅरेक्टर करा, बऱ्याचदा तिथंच थांबतं.

आणि खिडकी बंद केल्यावरही सॉफिस डॉट बिन टॉपमध्ये दिसत असेल तर टॉपमध्येच के दाबा, त्याच्या ओळीत सुरुवातीला असलेला नंबर टाका, पुढं सिग्नल विचारेल तिथं १५ राहू दे. एकदम ९ देऊ नका, ९ म्हणजे आवराआवर करायलाही वेळ न देता मान पिरगाळणं.

तर तुम्ही आता एवढंच करा, फाईलची एक कॉपी काढा, ती उघडून कंट्रोल एंड दाबा आणि कर्सर कितव्या ओळीवर गेला आणि खऱ्या नोंदी कितव्या ओळीपर्यंत आहेत हे दोन आकडे खाली लिहा. कुठल्या कॉलममध्ये टुडे आहे का तेही बघा. मी रात्री नऊनंतर बघतो, सौद्याचे दिवस आहेत.