पीओपीच्या आड गेलेली गळती

प्रश्न : डोंबिवलीतला आमचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा आहे. दर पावसाळ्यात गच्चीतून बेडरूममध्ये पाणी झिरपतं. स्लॅबच्या सळया दिसायला लागल्या, तेव्हा खाली पीओपी करून घेतलं. एजंट म्हणतो, ‘गिऱ्हाईक बघून घेतंय, तुम्ही कशाला बोलता?’ सांगणं बंधनकारक आहे का?

उत्तर : ताई, हो. बंधनकारक आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि नेहमीच्या काळजीने पाहूनही त्याला दिसणार नाही असा मोठा दोष सांगावाच लागतो. भिंतीवरचा ओलीचा डाग त्याला दिसतो, त्यावर वाद घालता येईल. पण जानेवारीत घर बघायला आलेल्या माणसाला पीओपीमागच्या सळया कशा दिसणार? एजंटचं म्हणणं इथे टिकत नाही. असा दोष न सांगणं याच कलमाच्या शेवटी कपट ठरवलं आहे.

तुम्ही सोसायटीला गळतीची पत्रं दिली असतील तर ती दप्तरात आहेत, आणि घेणारा उद्या त्याच सोसायटीचा सभासद होणार. पहिल्याच पावसात पीओपी फुगलं की तो सेक्रेटरीकडे जाईल आणि तुमच्याच सहीचं पत्र त्याच्या हाती पडेल. मग ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. खरेदीखत झालं म्हणून सुटका होत नाही. तो व्यवहार रद्द करण्याचा किंवा भरपाईचा दावा लावू शकतो, आणि त्याची ३ वर्षांची मुदत कपट उघड झाल्यापासून मोजतात. ‘फ्लॅट जसा आहे तसा घेतला’ हे करारातलं वाक्य जाणूनबुजून लपवलेल्या दोषावर पांघरूण घालत नाही.

टोकन घेण्याआधी त्याला सांगा. पीओपीआधीचे फोटो फोनमध्ये असतील तर व्हॉट्सअॅपवर पाठवा. गळती कुठे, कधीपासून, सोसायटीला काय कळवलं हे सगळं साठेकरारात लिहा आणि त्या पानावर त्याची सही घ्या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सोसायटीने वर्गणी काढली असेल, तर ती कोण भरणार हेही तिथेच ठरवा.

किंमत थोडी खाली येईल, हे मला कळतं. पण समोरचा बहुधा वीस वर्षांचं कर्ज काढून हे घर घेतोय, ताई. त्याच्या पलंगावर कोणत्या छताचं प्लास्टर पडू शकतं, हे आज फक्त तुम्हाला माहीत आहे.