उमेदवाराचा देव आणि आपलं मत

प्रश्न : आमच्याकडचा एक उमेदवार प्रत्येक सभेआधी आरती करतो, तर दुसरा देव मानत नसल्याचं उघड सांगतो. मत देताना हे धरून चालावं का? (वाचक, सातारा)

तुम्ही मत कशावरून ठरवावं, यावर कायद्याचं बंधन नाही. मत कुणाला दिलं हे सांगायला न्यायालयसुद्धा तुम्हाला भाग पाडू शकत नाही. उमेदवाराने काय जाहीर करायचं हे मात्र ठरलेलं आहे. अर्जासोबतच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात फौजदारी खटले, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण द्यावं लागतं. धर्माचा रकाना त्यात नाही आणि तो नसावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कुणाची श्रद्धा किती खरी हे बाहेरून कळत नाही. ती सरकारी अधिकाराला कुठे जाऊन भिडते, तेवढं मतदाराला नक्की तपासता येतं. पंढरपूरच्या मंदिराचा कारभार १९७३ च्या, सिद्धिविनायकाचा १९८० च्या आणि शिर्डी संस्थानाचा २००४ च्या कायद्याने चालतो. तिन्ही ठिकाणच्या समित्यांवरची माणसं राज्य सरकार नेमतं. वक्फ मंडळावरही सरकारच्या नेमणुका होतात. तेव्हा आरती करणाऱ्याला विचारा : तुमचा पक्ष सत्तेत असताना या समित्यांवर कोण बसलं? त्यांतले हरलेले उमेदवार किती आणि हिशेब समजणारे किती? न मानणाऱ्याला विचारा : तुमची सत्ता आली तर या नेमणुका कोणत्या निकषावर होतील?

दुसरी जागा ध्वनिक्षेपकाची. २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. ते १५ दिवस कोणकोणत्या सणांना वाटले जावेत, हे उमेदवाराला विचारून पाहा. ‘सगळ्यांना बरोबर घेऊन चालू’ असं मोघम उत्तर आलं, तर गेल्या पाच वर्षांतलं एक उदाहरण मागा. दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या कामासाठी, स्वतःचे मतदार नाराज होतील हे माहीत असूनही, त्याने कधी शब्द टाकला का? उमेदवाराबद्दल त्याच्या आरतीपेक्षा हे उत्तर तुम्हाला जास्त सांगेल.

प्रश्न : सभेत ‘आपल्या धर्माच्या माणसालाच मत द्या’ असं सांगितलं गेलं. तक्रार कुठे आणि कशी करायची? (वाचक, नाशिक)

इथे दोन वाटा आहेत. कुठली, कधी धरायची हे न कळल्यामुळेच बरीच प्रकरणं वाया जातात.

प्रचार चालू असेल तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप वापरा. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ ॲपमधूनच काढावा लागतो. व्हॉट्सॲपवर आलेली किंवा गॅलरीतली क्लिप तिथे चालत नाही. ठिकाणाची नोंद आपोआप होते आणि १०० मिनिटांत तक्रारीवर कार्यवाही अपेक्षित असते. आयोग प्रचारबंदी घालू शकतो. एप्रिल २०१९ मध्ये योगी आदित्यनाथ यांच्यावर ७२ तासांची आणि मायावती यांच्यावर ४८ तासांची बंदी आली होती. मात्र आयोग निवडून आलेल्याची निवड रद्द करू शकत नाही.

ती रद्द होते उच्च न्यायालयात, निवडणूक याचिकेवर. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या आधारे मत मागणं हे भ्रष्ट आचरण आहे. त्या निवडणुकीतला उमेदवार किंवा मतदारसंघातला कोणताही मतदार निकालापासून ४५ दिवसांत याचिका करू शकतो. अनामत २,००० रुपये. ४६ व्या दिवशी आलेली याचिका घेतली जात नाही, उशीर माफ होत नाही.

याचिका कोसळते ती साधारण चार ठिकाणी. एक, बोलणारा कोण? विजयी उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, किंवा यांच्या संमतीने बोललेली व्यक्ती असली पाहिजे. एखादा महाराज किंवा मौलवी स्वतःहून बोलला असेल तर संमती सिद्ध करावी लागते, आणि ते सगळ्यात अवघड. पराभूत उमेदवाराचं भाषण निवड रद्द करायला उपयोगाचं नाही. दोन, भाषण कधीचं? अर्ज भरण्याआधी केलेलं धरलं जात नाही. तीन, नेमके शब्द. ‘धार्मिक प्रचार केला’ एवढंच लिहिलेली याचिका पहिल्याच टप्प्यावर फेटाळली जाते. तारीख, वेळ, ठिकाण, शब्द सगळं द्यावं लागतं आणि भ्रष्ट आचरणाच्या आरोपासोबत नमुना २५ मधलं शपथपत्र जोडावं लागतं. चार, रेकॉर्डिंग. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र नसेल, तर क्लिप पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणून मूळ फोन जपून ठेवा.

मोठे निकाल मुंबईच्या मतदारसंघांतूनच गेले. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मधली. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी ते कायम केलं. त्यांच्यासाठी केलेल्या भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क राष्ट्रपतींच्या १९९९ मधल्या आदेशाने सहा वर्षांसाठी गेला. त्याच ११ डिसेंबरला मनोहर जोशी यांची दादरची निवड मात्र वाचली. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य उभं राहील, हे जोशींचं विधान म्हणजे मतांची मागणी नव्हे, ती आशा आहे, असं न्यायालयाने धरलं. ही रेघ आम्हाला फार पातळ वाटते.

त्यानंतर सांताक्रूझच्या १९९० मधल्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांचं खंडपीठ बसलं. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरलं, की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. आम्हाला हा निकाल मतदाराच्या बाजूचा वाटतो. पण तो यायला २६ वर्षं लागली आणि विलेपार्ल्याच्या प्रकरणातही अंतिम निकालाआधीच त्या विधानसभेची मुदत संपली होती. कायदा याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं म्हणतो. ते कागदावरच राहतं, तोवर कलम १२३ चा धाक कुणाला वाटणार?

हेही लक्षात असू द्या : उमेदवाराने देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये जाऊन नुसती प्रार्थना करणं गुन्हा नाही. त्या जागेतून प्रचार करणं आचारसंहितेत बसत नाही आणि धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्धच्या १९८८ च्या कायद्याखाली त्या संस्थेच्या व्यवस्थापकावरही कारवाई होऊ शकते.

प्रश्न : अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर उमेदवाराचा धर्म पाहिला जातो, हे खरं का? (वाचक, लातूर)

हो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) एवढ्याच धर्मांच्या व्यक्तीला अनुसूचित जातीचं मानलं जातं. अनुसूचित जमातींना अशी अट नाही.

प्रश्न : आयर्लंडमध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या मालवणजवळच्या वराड गावाचं नाव इथेही झालं. कॅथलिक परंपरेच्या या देशात नेत्याचा धर्म पाहतात का? (वाचक, डब्लिन)

वराडकर जून २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. मे २०१८ च्या सार्वमतात गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवायला ६६.४ टक्के मतदारांनी कौल दिला. वराडकर उघडपणे बंदी उठवण्याच्या बाजूने होते. नेता कोणत्या धर्मात वाढला यापेक्षा कोणत्या कायद्याला हात वर करणार, यावर तिथे वाद झाला, हे आम्हाला शिकण्यासारखं वाटतं. तरीही आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षाला ‘सर्वशक्तिमान ईश्वरासमोर’ म्हणूनच प्रतिज्ञा घ्यावी लागते, दुसरा पर्याय नाही. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, असे दोन्ही पर्याय आहेत. साताऱ्याच्या वाचकांचा नास्तिक उमेदवार निवडून आला, तर दुसरा घेऊ शकेल.

प्रश्न : मतदानाच्या आदल्या रात्री घरोघर पैसे देऊन बेल-भंडारा उचलायला लावतात. शपथ मोडली तर? (वाचक, पुणे जिल्हा)

अशी शपथ कायद्याने कुणावर बंधनकारक नाही आणि मत गुप्त असल्याने तुम्ही कोणतं बटण दाबलं ते कुणाला कळत नाही. पैसे देणं ही लाच आहे आणि घेणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, तेव्हा नोटेला हात लावू नका. मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल अशी भीती घालणं हे कलम १२३(२) प्रमाणे विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकीत भ्रष्ट आचरण ठरतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच समजावून सांगा, कारण दबाव त्यांच्यावरच जास्त येतो. ग्रामपंचायतीची निवडणूक असेल तर तक्रार राज्य निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करा. निकालाला आव्हान द्यायचं असेल तर दिवाणी न्यायाधीशाकडे जावं लागतं आणि तिथे मुदत ४५ नव्हे, १५ दिवसांची असते.