वायपरचं रबर की अख्खं ब्लेड?

2016 ची वॅगनआर, वायपर फिरला की बरोब्बर डोळ्यासमोर पाण्याची एक रेघ राहते, गॅरेजवाला म्हणतो दोन्ही ब्लेड नवीन टाका आणि मित्र म्हणतो नुसतं रबर बदल. एवढंच ना? मग मित्राचं ऐका, पण रबर आणायच्या आधी पुढची काच शॅम्पूने नीट धुवा आणि ओल्या फडक्याने रबराची धार पुसून काढा, फडक्यावर काळं यायचं कमी होईपर्यंत. बऱ्याच गाड्यांची रेघ इथेच जाते. झाडाखाली गाडी लावत असाल तर चीक आणि हायवेवर पुढच्या ट्रकने उडवलेला तेलकट चिखल काचेवर पातळ थर धरतो, मग नवीन रबर टाकलं तरी काच धुरकटच दिसणार.

तरी रेघ राहिली तर वायपर उभा करून धारेवरून बोट फिरवा. कुठे चीर, तुकडा उडालेला असला तर लगेच हाताला लागतं. दुसरं म्हणजे धार बोटाने डावीकडे वाकवून सोडा, मग उजवीकडे. चांगलं रबर लगेच सरळ होतं. एका बाजूला वाकलेलंच राहिलं तर ते उन्हाने कडक झालंय, संपला विषय. आपल्याकडे रबर झिजून कमी आणि उन्हात वाळून जास्त मरतं, आठ महिने वायपर लावायचा नाही आणि जूनमध्ये ताम्हिणी घाटातल्या पावसात एकदम फुल स्पीडला, मग ते काय करणार बिचारं. पॉलिश पेपर किंवा पेट्रोल मारून धार "काढायचे" व्हिडिओ येतात ते प्लीज करू नका, रबरावरचा गुळगुळीत थर जातो आणि चार दिवसांनी पहिल्यापेक्षा वाईट पुसतं.

आता ब्लेड कुठलं आहे ते बघा. लोखंडी फ्रेम आणि त्याच्या नख्यांनी रबर धरलेलं असेल तर नुसतं रबर मिळतं. फ्रेमच हलत असेल, गंजून सांधे आखडले असतील, तर मात्र गॅरेजवाला बरोबर आहे. बाहेरून बसवलेलं बिनफ्रेमचं चपटं ब्लेड असेल तरी शक्यतो अख्खंच बदला, त्याचं सुटं रबर शोधण्यात वेळ जातो. दुकानात जाताना जुनं रबर काढून सोबत न्या, कारण लांबी कात्रीने कापून कमी करता येते पण रुंदी जुळली नाही तर ते नख्यांत बसतच नाही, आणि सहा आणि आठ मिलिमीटर दोन्ही मिळतात, नुसत्या नजरेने फसायला होतं.

काढताना वायपर उभा करा, दांड्याच्या टोकाला असलेल्या हुकाजवळचं छोटं प्लास्टिकचं लॉक दाबा आणि ब्लेड दांड्याच्या बुडाकडे सरकवा, सुटतं. त्याच क्षणी काचेवर जाडसर टॉवेल टाका. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण ब्लेड नसलेला दांडा स्प्रिंगने काचेवर आपटला तर शंभराच्या कामात काच जाते.

रबराच्या दोन्ही बाजूंना खाचेत पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. नवीन रबरासोबत त्या नसतील तर जुन्या फेकू नका, त्याच परत घालायच्या. त्यांच्यावर बारीक कट असतो तो आतल्या बाजूला, रबरावरच्या उंचवट्यावर बसला पाहिजे, आणि दोन्हींचा बाक एकाच दिशेला. एक पट्टी उलटी गेली की ब्लेड मध्येच काच सोडतं आणि लोक रबराला शिव्या घालतात. मग रबर एकेका नखीतून ओवत न्यायचं, सुकं जात नसेल तर साबणाचं पाणी लावा, तेल नको. रबराच्या एका टोकाला लॉकची खाच असते, शेवटची नखी तिच्यात 'टक' करून बसली पाहिजे. नाही बसली तर पावसात चालत्या गाडीत रबर सापासारखं बाहेर लोंबतं आणि उघडी नखी काच ओरखडत जाते. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा, कुठलं टोक कुठे होतं ते दुसऱ्या ब्लेडवर बघता येतं. जास्तीचं रबर सगळ्यात शेवटी कापा, लॉक नसलेल्या टोकाकडून.

झालं की ब्लेड हुकात वर ओढून 'क्लिक' घ्या, दांडा हाताने हळू खाली ठेवा, काचेवर पाणी मारा आणि मगच चालू करा, कोरड्या काचेवर कधीच नाही. नवीन रबरही फुर्रर्र करत उड्या मारत असेल तर बहुतेक दांडा पिळला गेलाय, धार काचेला सरळ टेकत नाही, ते मेकॅनिककडून दोन पान्यांनी हलकंसं वळवून घ्या, स्वतः जोर लावू नका.

वॉशरच्या बाटलीत कपड्याची पावडर नको हां, नोझल तुंबतात. मागच्या काचेला वायपर असेल तर तोही याच दिवशी बघून घ्या, मात्र त्याचा हुक वेगळा असतो आणि प्लास्टिक जुनं असलं की पटकन तुटतं.