शमुवेल आधी कोणासाठी उठला?

पत्राचा सारांश: मी ५२ वर्षांचा, अहिल्यानगरला राहतो. लहानपणापासून चर्चला जातो. दोन वर्षं रोज पहाटे साडेचारला उठून तासभर प्रार्थना करतो, शुक्रवारी उपवास धरतो. शेवटी 'हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे' म्हणून वही उघडून बसतो. वही कोरीच राहते. बाबा ८४ वर्षांचे, दिसत नाही, नेमके त्याच वेळी हाका मारतात, म्हणून दार लावून घेतो; पत्नी बघते. पाळकसाहेब म्हणतात, धीर धरा. माझ्या प्रार्थनेत काय कमी आहे?

भाऊ, सलाम.

धीराचं पाळकसाहेब बघतील. तुम्ही जाता जाता लिहून टाकलेल्या एका वाक्यापाशी मी अडकले आहे: बाबा हाका मारतात, म्हणून दार लावून घेतो.

रोज म्हणता ती ओळ बायबलातल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली. तो अध्याय पुन्हा वाचा, पण थेट त्या ओळीवर उडी न मारता. सुरुवातीलाच म्हटलंय, त्या काळी परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं. म्हणजे तुमची तक्रार जुनीच. शिलोच्या मंदिरात पोरगा शमुवेल झोपलाय. म्हातारा याजक एली, डोळ्यांनी अधू, आपल्या जागी पडलाय. रात्री हाक येते. ती देवाची आहे हे शमुवेलाला कळतच नाही. त्याला वाटतं, म्हाताऱ्याला काहीतरी हवंय. धावत जातो. "मी नाही बोलावलं, जा, नीज." पुन्हा हाक, पुन्हा उठतो. तिसऱ्यांदाही. तेव्हा कुठे एलीच्या ध्यानात येतं, आणि काय म्हणायचं ते तोच पोराला शिकवतो. तुमची ओळ त्या म्हाताऱ्याने शिकवलेली आहे, भाऊ! शमुवेल दार लावून बसला असता तर त्याला ती मिळालीच नसती.

तुम्ही म्हणाल, येशूनेच सांगितलंय, खोलीत जा, दार लावून घे. हो, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात. पण कोणाला उद्देशून, ते आधीच्याच वचनात आहे: लोकांना दिसावं म्हणून सभास्थानांत नि चवाठ्यांवर उभं राहून प्रार्थना करणारे. पाणी मागणारा बाप त्यात नाही. उलट मार्कच्या सातव्यात, आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', देवाला अर्पण, म्हणून हात झटकणाऱ्यांना तो काय सुनावतो बघा. तुमचा पहाटेचा तास तसाच कुर्बान झालाय.

उद्या पहाटे खुर्ची बाबांच्या पलंगाशेजारी घ्या. हाक आली की आमेनची वाट न बघता उठा. पाणी, लघवीचं भांडं, पाठीला उशी, जे हवं ते. कधी नुसतं किती वाजले विचारायचं असेल. दिसत नसलं की मध्यरात्र नि पहाट सारखीच. सांगा, पाच वाजले. मग उरलेली प्रार्थना दोघांनी मोठ्याने म्हणा. त्यांना ती तुमच्यापेक्षा जास्त पाठ असायची शक्यता आहे. एवढं केल्यावर देव बोलेलच अशी हमी मी देत नाही. कोणी दिली तर घेऊ नका. आणि वही हवीच असेल तर तिच्यात बाबांच्या गोळ्यांच्या वेळा लिहा.

वहिनींना मात्र सहापर्यंत झोपू द्या. दोन वर्षं तुमच्याबरोबर त्याही साडेचारला उठताहेत. त्यांना स्वतःला प्रार्थनेला वेळ कधी मिळतो, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.