कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्वयंसेवक म्हणून काम केल्याने माणूस खरंच घडतो का, की ते फक्त सर्टिफिकेटपुरतं असतं?

तुम्ही लिहिलंय की नुकताच प्रवेश घेतलाय, सीनियर मंडळी म्हणतात कुठेतरी स्वयंसेवक म्हणून नाव घाल, व्यक्तिमत्त्व विकास होतो. तर खरंच काही होतं का, आणि अभ्यास सांभाळून जमतं का? माझं पहिलं वर्ष गेल्याच महिन्यात संपलं, म्हणून उत्तर द्यायला बसले.

मी सर्टिफिकेटसाठीच गेले होते. त्यात लाजायचं काय? अर्जात ‘उद्देश’ असा रकाना होता, तिथे ‘समाजाचं ऋण फेडणे’ असं ठोकून दिलं. अठराव्या वर्षी कसलं ऋण नि कसलं फेडणं, पण शेजारची तेच लिहीत होती आणि मी तिचं बघून लिहिलं.

पहिला उपक्रम एका दिवसाचा होता. टी-शर्ट, बॅनर, भाषण, फोटो, आणि प्रत्यक्ष काम पाऊण तास. त्या रात्री फार भारी वाटलं. आठवड्याने आठवायला गेले तर फोटोच आठवले. त्याबद्दल एवढंच.

दुसरं काम नोटीस बोर्डावरच्या एका चिठ्ठीमुळे मिळालं. ‘इतिहासाचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करून देणारं कुणी हवं आहे. मराठी स्पष्ट हवं.’ म्हटलं, नुसतं वाचायचंच तर आहे! चिठ्ठी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीची होती, ती जन्मापासून अंध आहे. पहिल्या दिवशी मी ‘तुम्ही, तुम्ही’ करत होते, तर म्हणाली, “ताई म्हण आणि अगं-तुगं कर, नाहीतर मला म्हातारं वाटतं.” म्हणून इथेही ताईच म्हणते.

त्याच पहिल्या भेटीत मी तिचा दंड धरला आणि तिला जिन्याकडे ओढतच निघाले. ती थांबली, माझा हात शांतपणे सोडवला आणि स्वतः माझ्या कोपराला धरलं. “तू पुढे चाल. अर्धं पाऊल पुढे. तुझं कोपर वर गेलं की मला पायरी कळते.” मदत करायला मी गेले होते आणि पहिला धडा मलाच मिळाला, तोही तीन वाक्यांत.

तुम्हाला वाटेल, हल्ली फोन सगळं वाचून दाखवतो, मग माणूस कशाला हवा? मलाही वाटलं होतं. ताईच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा फुकट स्क्रीन रीडर. एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो बनवायला घेतला. उत्तम चालतो, पण त्याला मजकूर लागतो. झेरॉक्सवरून स्कॅन केलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी चित्र, आणि चित्रापुढे तो मुका. मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण पुसट पानावर मराठी जोडाक्षरांचा ती पार भुगा करतात. आणि कुणी युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या नोट्स पाठवल्या की विचारूच नका. आपल्याला पडद्यावर ‘क्रांती’ दिसते, तिच्या कानात इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी पडते. अंध वाचकांसाठी पुस्तकाच्या प्रती करताना कॉपीराइटची आडकाठी येऊ नये म्हणून २०१३ मध्ये माराकेशला आंतरराष्ट्रीय करारही झालाय. पण करार झाला म्हणून पुस्तक आपोआप बोलायला लागत नाही. शेवटी कुणीतरी दार लावून, पंखा बंद करून वाचत बसावंच लागतं.

तर मी वाचायला लागले. पहिलं प्रकरण रेडिओवरच्या नाटकासारखं वाचलं, चढउतार, दमदार विराम, सगळं. ताईने दोन मिनिटं ऐकून बंद केलं. “अगं, क्रांती पुस्तकात झालीय तेवढी पुरे. तू नको करूस. सरळ वाच.” नंतर कळलं की ती सगळं दुप्पट वेगाने ऐकते. माझे ते दमदार विराम त्या वेगात उचकी लागल्यासारखे वाटत होते म्हणे.

सरळ वाचणं ही गोष्ट किती अवघड आहे हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही. पान क्रमांक सांगायचा. मथळा आला की ‘मथळा’ म्हणायचं. अवतरण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते सांगायचं, नाहीतर लेखकाचं मत आणि दुसऱ्याचं मत एकात एक मिसळतं. तक्ता असला तर आधी रकाने किती आणि कशाचे ते, मग एकेक ओळ. सुएझच्या नकाशापाशी मी ‘छान रंगवलेला नकाशा आहे’ असं म्हणून पुढे गेले, तर निरोप आला: “रंग राहू दे. कालवा कुठून कुठे जातो ते सांग.” भूमध्य समुद्रापासून तांबड्या समुद्रापर्यंत, उत्तरेला पोर्ट सैद, दक्षिणेला सुएझ. हे सांगायला मला तो नकाशा पहिल्यांदाच नीट बघावा लागला. डोळे असून मी नुसती पानं उलटत आले होते.

आणि याच सुएझने माझी विकेट काढली.

मराठी आकड्यांशी माझं कधीच जमलं नाही. शाळा मराठी असूनही पन्नासच्या पुढे मी मनात इंग्रजीत मोजते. ‘एकोण’ तर माझा वैरी. ६९ दिसलं की सहा दिसतो, आणि तोंडातून ‘एकोणसाठ’ निघतं. पुस्तकात होतं की कालव्याचं खोदकाम १८५९ मध्ये सुरू झालं आणि १८६९ मध्ये तो खुला झाला. मी ठणठणीत आवाजात वाचलं: अठराशे एकोणपन्नास, अठराशे एकोणसाठ. मजा बघा, दोन्ही आकडे बरोबर दहा-दहा वर्षांनी मागे सरकले, त्यामुळे मधलं अंतर तेवढंच राहिलं. ऐकणाऱ्याला शंका यायला जागाच नाही.

पुढे वर्गात चाचणी होती. मोठ्या परीक्षेला लेखनिक देण्याचे नियम असतात आणि तिथे विषयाशी संबंध नसलेली व्यक्ती बसते. ही छोटी चाचणी, म्हणून सरांनी मला बसायची परवानगी दिली. काम सोपं: ताई सांगेल ते जसंच्या तसं उतरवायचं. एक शब्द वर नाही, एक खाली नाही.

पाचवा प्रश्न सुएझचा. ताई सलग सांगत होती, सुंदर सांगत होती, आणि मग आलं, “अठराशे एकोणसाठ साली कालवा वाहतुकीला खुला झाला.” माझं पेन थांबलं. पुस्तकाचं ते पान डोळ्यांसमोर उभं राहिलं, उजव्या बाजूला वरून तिसरी ओळ, १८६९. आणि त्याच क्षणी कळलं की ही चूक तिची नाही. हा माझा आवाज तिच्या तोंडून परत येतोय. कानशिलं तापली. मी विचारलं, “ताई, नक्की?”

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “मी सांगितलं ते लिही.”

लिहिलं. १८५९. तो पाचाचा आकडा काढताना हात जड झाला होता. आयुष्यात इतकी चुकीची उत्तरं मी हसत लिहिलीत, पण दुसऱ्याची चूक, जी मुळात माझीच, ती समजून-उमजून कागदावर उतरवणं वेगळंच होतं.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं ती विचारेल, चुकलं होतं का? तिने ते विचारलंच नाही. म्हणाली, “तुझं ‘नक्की?’ म्हणजे मला उत्तर पुरवणंच झालं. तू थांबलीस तेव्हाच मला कळलं काहीतरी चुकलंय. मी बदलू शकले असते. मग ते मार्क कुणाचे?” मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, एकोणसाठ, एकोणसत्तर, रेकॉर्डिंग. ती आधी गप्प, मग जोरात हसली. “म्हणजे सुएझ तू दहा वर्षं आधी उघडलास! जहाजवाल्यांची सोय झाली.” हसली खरी, पण एक गुण गेला तो गेलाच. मी सरांना जाऊन माझी चूक सांगितली, त्यांनी ऐकून घेतलं आणि गुण तेवढेच ठेवले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पेपर ताईचा होता, त्यात माझी कैफियत कशाला?

ते प्रकरण मी पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. आता प्रत्येक सन दोनदा वाचते, एकदा शब्दांत आणि एकदा अंकाअंकाने: एक, आठ, सहा, नऊ. बसमध्ये वेळ मिळाला की दुकानांच्या पाट्यांवरचे फोन नंबर जोड्या करून मराठीत म्हणते. एकोणऐंशी अजून अडतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, माणूस घडतो का? आत्मविश्वास वाढला, नेतृत्वगुण आले वगैरे मी सांगणार नाही, कारण तसं काही झालेलं मला दिसत नाही. स्टेजवर जायला मी आजही घाबरते. झालं ते फार छोटं आणि जरा विचित्र आहे. माझ्या वर्गात एक मित्र बोलताना अडखळतो. त्याचं वाक्य अडलं की मी पुढचा शब्द पुरवायचे, तेही उपकार केल्याच्या थाटात. त्या चाचणीनंतर एकदा तसंच व्हायला लागलं आणि माझ्या तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. त्याला वेळ लागला. आणि त्याने जो शब्द वापरला, तो मी पुरवला असता त्याहून वेगळा होता. म्हणजे इतके दिवस मी त्याच्या तोंडी माझीच वाक्यं घालत होते! त्याला हा बदल जाणवलाय की नाही कोण जाणे, मी विचारलेलं नाही. विचारणं म्हणजे पुन्हा शाबासकी मागणंच की.

अभ्यास सांभाळून जमतं का? जमतं, पण आधी खरं गणित मांडा. मला सुरुवातीला तासाभराचं रेकॉर्डिंग करायला तीन तास लागायचे: आधी वाचून ठेवणं, चुका झाल्या की पुन्हा, मध्येच कुकरची शिट्टी. मी उत्साहात ‘रोज करेन’ म्हणाले होते. ताईनेच ते शनिवारवर आणलं. “रोज म्हणणारे दोन आठवड्यांत गायब होतात, आणि नेमके परीक्षेच्या तोंडावर,” असं म्हणाली, अनुभवाचे बोल होते. तेव्हा कमी कबूल करा. समोरच्याने तुमच्या भरवशावर अभ्यासाचं वेळापत्रक लावलेलं असतं, तुमचा उत्साह ओसरला म्हणून त्याची परीक्षा पुढे जात नाही.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. एका शनिवारी घसा बसलाय असं सांगून सिनेमाला गेले. सोमवारी कॉरिडॉरमध्ये मैत्रिणीशी खिदळत होते, मागून ताई म्हणाली, “घसा लवकर सुटला गं.” जी माणसं आवाजावरून ओळखते, तिला आवाजाबद्दलच थाप मारायची, म्हणजे माझी अक्कल बघा. पुढच्या वेळेपासून कंटाळा आला की ‘आज कंटाळा आलाय’ असंच सांगते. ती चिडत नाही, फक्त दुसरा वार ठरवायला लावते.

काम कुठलं निवडावं हे मी कसं सांगू? एवढंच बघा की ज्याच्यासाठी करताय तो माणूस तुम्हाला ‘हे असं नको, तसं कर’ म्हणू शकतो का. माझ्या त्या एक दिवसाच्या उपक्रमात असं म्हणायची कुणाला सोयच नव्हती. आम्ही ठरवून आलो होतो, देऊन गेलो. सर्टिफिकेट हवं असेल तर जरूर घ्या. माझं फाइलमध्ये आहे, तासांच्या नोंदीसकट.

सध्या सुट्टीत ताई मला ब्रेल शिकवतेय, माझ्याच हट्टापायी. अख्खा खेळ सहा टिंबांचा, त्यातून ६३ खुणा होतात. लुई ब्रेलने हे १८२४ मध्ये रचलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, माझ्याहून लहान, हे ऐकून उगाच ओशाळायला झालं. पाटीवर कागद अडकवून टोकदार दाभणासारख्या स्टायलसने टोचायचं, तेही उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं, कारण उठाव कागदाच्या मागच्या बाजूला येतो. उलटं करायचं विसरलं की अक्षरच बदलतं. ह चा ज होतो, क चा ख.

परवा माझी गंमत करत होती म्हणून मी चिडून एक ओळ टोचून तिच्या हातात दिली: ‘हसू नको’. पहिलंच अक्षर उलटं करायला विसरले होते. तिने बोट फिरवलं, चेहरा गंभीर ठेवला आणि लिहिलं होतं ते जसंच्या तसं वाचलं, “जसू नको.”

मी वाट बघत राहिले, “नक्की?” म्हणेल म्हणून. म्हणाली नाही.