जामीन झाला, मुलगा अजून आतच

बालगृहात वाढलेला मुलगा १८ पूर्ण करून बाहेर पडतो आणि कधीतरी एखाद्या गुन्ह्यात आत जातो. मागे धावायला घर नसतं. धावतात ते जुने काळजीवाहक, खोलीतले मित्र. पत्रं त्यांचीच येतात, प्रश्नही बहुतेक तेच.

प्र. मी बालगृहात त्याची काळजीवाहक होते. नातं नाही. नागपुरात वर्धा रोडच्या तुरुंगात मुलाखत मिळेल का?

मिळू शकते. ओळखपत्र न्या, आणि तुमचं नाव त्याला आत कळवायला सांगा.

प्र. १८ झाले की सरकारचा संबंध संपतो म्हणतात.

कोण म्हणतं? बाल न्याय कायद्यात (२०१५) २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यावरच्या आधाराची, सोय आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. सुटकेची वाट बघू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षात आत्ताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्र. मित्राला चोरीच्या केसमध्ये २५ हजारांचा जामीन मंजूर होऊन १९ दिवस झाले. जामीनदार नाही. कोर्टाबाहेर एक जण सात हजारांत ‘माणूस उभा करतो’ म्हणतो. देऊ का?

एक रुपया देऊ नका. असा माणूस कुणाची तरी घरटॅक्स पावती आणि रेशनकार्ड घेऊन उभा राहतो. कागद खोटे निघाले की जामीन जातो, वर नवा गुन्हा.

आणि १९ दिवस गप्प का बसलात? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ लाच बजावलं आहे: जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह सुटकेला उशीर करतो, हेही त्यात आहे. ज्याच्या आधारवर पत्ता संस्थेचा, आणि संस्था म्हणते ‘तो आमच्याकडे राहत नाही’, त्याने जामीनदार आणायचा कुठून? तुम्ही सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, जामिनाच्या आदेशाची प्रत दाखवा. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडावं किंवा रक्कम कमी करावी, असा अर्ज वकिलामार्फत होतो. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे. काही गुन्हे त्यातून वगळलेत, तेवढं तिथे विचारून घ्या.

प्र. घटनेच्या वेळी तो १७ चा होता. पोलिसांनी १९ लिहिलं. शाळेत जन्मतारीख १ जून, तीही अंदाजाने.

गुरुजींची लाडकी १ जून! वय घटनेच्या दिवशीचं धरतात, आणि हा मुद्दा केव्हाही, निकालानंतरसुद्धा मांडता येतो. बाल कल्याण समितीने नोंदवलेलं वय बाल न्याय कायदा खरं मानतो. तो आदेश बालगृहाच्या फाईलमध्ये असेल. प्रत काढून वकिलाला द्या. हाडांची तपासणी सगळ्यात शेवटी, कागद नसतील तरच.

प्र. सरकारी वकील फुकटचा, तो कितपत लढेल?

सरकारी वकील तुमच्या मुलाविरुद्धच लढतो! तुम्हाला हवा तो विधी सेवेचा वकील. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता तो मोफत मिळतो. १५१०० वर फोन लावा, आजच.